साखरेची दोन मापे

जबलपुरास मे महिन्यात पारा चाळिसाच्या वर जातो. अशाच एका दुपारी आमरसाचे जेवण आटोपलेले एखादे वृद्ध गृहस्थ बोट टोचून घरच्या यंत्रावर रक्तशर्करा पाहतात. यंत्र २२८ दाखविते; त्याच सुमारास प्रयोगशाळेत दिलेल्या रक्ताचा आकडा येतो १८५. खोटे कोण, असा वाद घरात सुरू होतो.

खोटे बहुधा कोणीच नसते. बोटातले रक्त केशवाहिन्यांचे, प्रयोगशाळेतले शिरेचे. उपाशीपोटी दोहोंत फरक थोडा. जेवणानंतर मात्र बोटाचा आकडा वीस टक्क्यांपर्यंतही चढा असू शकतो. शिवाय यंत्राला काही सूट मान्यच आहे. आय. एस. ओ. १५१९७ या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे शंभरांपैकी पंचाण्णव मोजण्या प्रयोगशाळेच्या आकड्याच्या पंधरा टक्के अलीकडे-पलीकडे असल्या, तरी यंत्र उत्तीर्ण होते. शर्करा शंभराखाली असेल तेव्हा हीच सूट पंधरा मिलिग्रॅमची.

यात माणसाच्या चुकांची भर पडते. रस लागलेले बोट न धुता टोचले, तर यंत्र आंब्याचीही साखर मोजते. पावसाळ्यात पट्ट्यांच्या डबीचे झाकण उघडे राहिले, तर दमट हवेने पट्टी बिघडते. प्रयोगशाळाही निर्दोष नव्हे: फ्लुओराइड न घातलेले रक्त तसेच पडून राहिले, तर रक्तपेशीच ताशी पाच ते सात टक्के साखर फस्त करतात.

खरा धोका निराळाच आहे. रक्तक्षय असलेल्या माणसाच्या रक्तात तांबड्या पेशी कमी असतात, आणि अशा रक्ताची शर्करा अनेक यंत्रे वाजवीपेक्षा अधिक दाखवितात. मंडला, दिंडोरी या शेजारच्या जिल्ह्यांत सिकलसेलचा आजार आढळतो. जबलपुरात १९८४ साली निघालेल्या आदिवासी आरोग्य संशोधन संस्थेचा तो अभ्यासविषयच आहे. या आजारात तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणीही फसवी ठरते. इन्सुलिन घेणाऱ्या अशा रोग्याची शर्करा खरोखर ६० असता यंत्राने ८० सांगितली, तर तो निर्धास्त राहील. आणि घात होईल तो तेथेच.

म्हणून मधुमेहाचे निदान प्रयोगशाळेनेच करावे. रोजची वाटचाल यंत्राने पाहावी. अधूनमधून उपाशीपोटी, एकाच वेळी, दोन्ही मापे ताडून घ्यावीत. घाम सुटला, हात कापू लागले आणि यंत्र मात्र 'सारे ठीक' म्हणत असेल, तर आधी तोंडात साखर घालावी. यंत्राशी वाद मागाहून घालता येतो.