कात आपला, नफा कोणाचा?

(पेठ तालुक्यातल्या गावबैठकीत केलेलं भाषण)



लाकडापासून, पेंढ्यापासून महाग रसायनं निघतात, असं शहरात आता नवीन म्हणून सांगतात. आपल्याला त्यात नवल नाही. खैराचा लाल गाभा घ्यायचा, ढलप्या करून उकळायच्या, रस आटवून थंड ठेवायचा. खाली बसतो तो कात. पानाला तोच, औषधाला तोच. वरचं पाणी आटवलं की जे उरतं त्यानं कातडं कमावतात, मासेमारीची जाळी रंगवतात. ही विद्या काथोडी-कातकरी भावांची. जमातीचं नावच कातावरून पडलं.

इंग्रजानं जंगल राखीव केलं आणि कातभट्टी बंद पडली. विद्या होती, खैर तोडायचा हक्क गेला. आज तीच माणसं उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. म्हणजे नुसत्या विद्येनं पोट भरत नाही, जंगल कोणाच्या ताब्यात आहे ते बघावं लागतं.

आता काडीकचऱ्यालाही भाव आलाय. हरियाणात पानिपतला २०२२ साली इंडियन ऑइलनं भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल काढायचा कारखाना सुरू केला. त्याला वर्षाला २ लाख टन पेंढा लागतो. मक्याच्या बुरकुंडापासून, उसाच्या चिपाडापासून फुरफुराल निघतं, ते वंगणतेल साफ करायला वापरतात. तिकडं पेंढा शेतातच जाळतात, तिथं हे बरंच आहे. पण आपल्याकडं वाया काय जातं? पेंढा गुरं खातात, काटक्या चुलीला, पाला राबाला. राब भाजला नाही तर नागलीचं रोप कसं धरणार?

म्हणून कोणी "तुमचा कचरा घेतो" म्हणत आला, तर ध्यानात ठेवा:

१. बांबू, काटक्या, खुंट हे २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनउपज आहे. त्यावर मालकी आपली. एकट्यानं अंगठा द्यायचा नाही, सौदा ग्रामसभेत. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावानं २०११ साली बांबूच्या वाहतूक पासाचं पुस्तक आपल्या हातात घेतलं.

२. आधी राब, वैरण, सरपण बाजूला काढा. उरलं तरच विका, वजन आपल्यासमोर.

३. स्वतःच्या शेतातला खैर उभा व्यापाऱ्याला देऊ नका. आदिवासी खातेदारांच्या झाडविक्रीसाठी १९६९ चा कायदा आहे. कलेक्टरकडं अर्ज करा.

४. ज्या गावाचा सामूहिक दावा राहिलाय, त्यांनी पुढच्या ग्रामसभेत ठराव घ्या. दावा नाही तर सौद्याला जोर नाही.

जंगल आमच्या हक्काचं!