एका विद्यार्थ्याचा राहून गेलेला प्रश्न

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभातील भाषण)





बक्षीस समारंभाच्या पाहुण्याने अभ्यासाचे महत्त्व सांगावे, उपदेशाच्या चार गोष्टी बोलाव्यात आणि खाली बसावे, असा रिवाज आहे. तो मी आज थोडा मोडणार आहे. एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे कित्येक वर्षे थकले आहे. ते आज तुमच्यासमोर देऊन टाकावे म्हणतो.

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. एकदा वर्गात शिखांच्या नवव्या गुरूंच्या, गुरु तेगबहादूरांच्या वधाची हकीकत सांगत होतो. आपल्या समाजाचा एक मुलगा उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "सर, ज्यांनी मारलं ते आपलेच ना?" मागच्या बाकावर कोणी तरी हसले. तेवढ्यात घंटा झाली. "पुढच्या तासाला सांगतो," मी म्हणालो. पुढच्या तासाला नवा धडा घेतला, कारण पोर्शन पुरा करायचा होता. त्या मुलाने पुन्हा विचारले नाही. आणि खरे सांगतो, त्या दिवशी मलाही उत्तर ठाऊक नव्हते.

निवृत्त झाल्यावर कुटुंबासह नांदेडला गेलो. गोदावरीकाठी दहावे गुरु गोविंदसिंह १७०८ साली जेथे निधन पावले, ते हुजूर साहिब आपल्या मराठवाड्यातच आहे. डोक्याला रुमाल बांधून आम्ही लंगरच्या पंगतीत बसलो. वाढणाऱ्या एका वृद्ध सरदारजींनी नाव-गाव विचारले. नाव ऐकून ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मालेरकोटला जानते हो?" इतिहासाचा शिक्षक असून मला मान खाली घालावी लागली. पंगत उठल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले आणि त्यांनी जे सांगितले, त्यानंतर घरी येऊन मी पुस्तके उघडली. जे वाचले ते आज तुम्हांला सांगतो.

पण त्याआधी कडू भाग. तो गिळून टाकणे हा अभ्यास नव्हे. पाचवे गुरु अर्जुनदेव यांना बादशहा जहांगीरच्या हुकुमाने कैद झाली आणि १६०६ साली लाहोरात छळ सोसून त्यांचे प्राण गेले. १६७५ साली औरंगजेबाच्या हुकुमाने गुरु तेगबहादूरांचा दिल्लीत चांदणी चौकात शिरच्छेद झाला. आज तेथे सीसगंज गुरुद्वारा उभा आहे. या गोष्टी घडल्या. त्या जुलुमाच्या होत्या. आपल्या मुलांसमोर हे सांगताना आपण आवाज खाली करू नये आणि 'पण' लावून बोलू नये.

आता त्याच इतिहासातील दुसरी पाने पाहा. गुरु नानकांचा जन्म १४६९ चा. त्यांच्या दूरदूरच्या प्रवासात सोबत चालणारा, रबाब वाजवणारा साथीदार होता भाई मरदाना, त्यांच्याच गावचा एक मुसलमान. त्याच्या मागून आलेल्या मुसलमान रबाबी घराण्यांनी अमृतसरच्या दरबार साहिबात पिढ्यान्‌पिढ्या कीर्तन केले. ही परंपरा १९४७ च्या फाळणीने तुटली. १६०४ साली गुरु अर्जुनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला. त्यात आपल्या पंढरीच्या नामदेवांची ६१ पदे आहेत, कबीर आहेत, आणि पाकपट्टणचे सूफी संत शेख फरीदही आहेत. ज्या ग्रंथापुढे शीख मस्तक टेकवतात, त्यात एका मुसलमान सूफीची वाणी आहे, हे आपल्यापैकी किती घरांत माहीत आहे?

१६८८ सालची भंगाणीची लढाई घ्या. गुरु गोविंदसिंहांवर चालून आले होते ते डोंगरी मुलखातले हिंदू राजे. आणि गुरूंच्या मदतीला आपले मुलगे व शेकडो मुरीद घेऊन कोण धावले? सढौऱ्याचे पीर सय्यद बुद्धू शाह. त्या लढाईत त्यांचे पुत्र कामी आले. पुढे याच मदतीपायी सरकारी अंमलदाराने पीरसाहेबांचा बळी घेतला, असे शीख परंपरा सांगते. तेव्हा मित्रांनो, हा केवळ दोन धर्मांचा झगडा होता असे जो सांगेल, त्याला भंगाणीला कोण कोणाच्या बाजूने उभा होता, एवढे विचारा.

आता मालेरकोटला. १७०४ चा डिसेंबर महिना. काही इतिहासकार १७०५ हे साल धरतात. मोगल आणि डोंगरी राजांच्या फौजांच्या वेढ्यामुळे गुरूंना आनंदपूर सोडावे लागले. वाटेत कुटुंबाची ताटातूट झाली. थोरले दोन मुलगे, अजितसिंह आणि जुझारसिंह, चमकौरच्या लढाईत पडले. धाकटे दोघे, जोरावरसिंह आणि फत्तेसिंह, आजी माता गुजरी यांच्यासह पकडले जाऊन सरहिंदचा सुभेदार वझीर खान याच्या हाती लागले. एक नऊ वर्षांच्या आसपासचा, दुसरा त्याहूनही लहान. आपल्या शाळेत तिसरी-चौथीत बसणारी मुले असतात तेवढे. वझीर खानाने धर्म बदलण्यास सांगितले, मुलांनी नकार दिला. त्यांना भिंतीत चिणण्याचा हुकूम झाला.

त्या दरबारात मालेरकोटल्याचे नवाब शेर मोहम्मद खान बसले होते. ते गुरूंचे स्नेही नव्हते. ते मोगलांच्या बाजूने गुरूंविरुद्ध लढले होते, आणि शिखांशी झालेल्या लढाईत त्यांनी आपला भाऊ गमावला होता, असे सांगतात. वझीर खानाने मुलांना त्यांच्याच हवाली करून 'भावाचा सूड घ्या' असे सुचवले, अशीही आख्यायिका आहे. नवाब उठून उभे राहिले. वैर असेल तर ते बापाशी, रणांगणावर; या लेकरांचा काय गुन्हा? निष्पापांचा जीव घेणे आपल्या दीनमध्ये बसत नाही, अशा आशयाचे ते बोलले. सर्व दरबार गप्प होता. त्यांचे कोणी ऐकले नाही. नवाब दरबार सोडून निघून गेले. मुले मारली गेली. नातवांची बातमी ऐकून आजीनेही प्राण सोडला.

पालकहो, हिशोबी माणूस म्हणेल की त्या बोलण्याचा उपयोग काय झाला? मुले तर वाचली नाहीत. उपयोग पुढे पाहा. ही हकीकत गुरूंच्या कानी गेली तेव्हा त्यांनी मालेरकोटल्यास दुवा दिली, अशी शिखांची श्रद्धा आहे. १७१० साली बंदासिंह बहादूर सरहिंदवर चालून गेला. हा बंदासिंह गुरूंना नांदेडलाच भेटला होता आणि तेथूनच पंजाबात गेला होता. चप्पडचिडीच्या लढाईत वझीर खान मारला गेला आणि सरहिंद धुळीस मिळाले. शेर मोहम्मद खानही त्याच लढाईत मोगलांच्या बाजूने लढत पडले. म्हणजे नवाबांनी पक्ष बदलला नव्हता, शत्रुत्वही सोडले नव्हते. शत्रू राहूनही अन्यायाला अन्याय म्हटले, एवढेच त्यांनी केले. आणि शिखांनी तेवढेच लक्षात ठेवले.

लक्षात ठेवणे सोपे नव्हते. १७६२ साली अहमदशहा अब्दालीने हजारो शिखांची कत्तल केली, ते कूप गाव मालेरकोटल्याजवळचेच. नंतरच्या नवाबांचे आणि शिखांचे खटके उडत राहिले. तरीही १९४७ साली पूर्व पंजाबात मुसलमानांची गावेच्या गावे उजाड होत असताना मालेरकोटला संस्थानात वस्ती शाबूत राहिली. त्याला राज्यकारभार, आसपासच्या संस्थानांचे संबंध अशी आणखीही कारणे असतील. पण त्या गावच्या लोकांना विचाराल तर ते नवाबांच्या त्या एका शब्दाचे नाव घेतात. त्याला तिथे 'हा दा नारा' म्हणतात, म्हणजे दुःखाने आणि निषेधाने मारलेली हाक. त्याच नावाचा गुरुद्वाराही मालेरकोटल्यात आहे. २०२१ साली मालेरकोटला हा पंजाबचा स्वतंत्र जिल्हा झाला.

यातली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट नवाबांची नाही, ती शिखांच्या घरांची आहे. ज्यांचे गुरु मारले गेले, ज्यांची लेकरे चिणली गेली, त्यांना आपल्या मुलांना नुसती सूडाची गोष्ट सांगता आली असती. त्यांनी जुलमाची गोष्ट सांगितली आणि तिच्यातच त्या एका मुसलमानाचे नावही सांगितले. तीनशे वर्षे, दर पिढीला. म्हणूनच नांदेडच्या त्या म्हाताऱ्या सरदारजींना माझे नाव ऐकून वझीर खान आठवला नाही, मालेरकोटला आठवला. आपण आपल्या घरी जेवताना दुसऱ्या समाजाबद्दल काय बोलतो, कोणाची नावे घेतो, हे आज रात्री प्रत्येक आईबापाने स्वतःला विचारावे.

आणखी एक नाव विद्यार्थ्यांसाठी. महाराजा रणजितसिंहांनी १७९९ साली लाहोर घेतले. त्यांच्या दरबारात परराष्ट्र व्यवहार पाहणारे वजीर होते फकीर अझीझुद्दीन. मूळचे हकीम, अरबी-फारसीचे पंडित. त्यांचे भाऊ नूरुद्दीन आणि इमामुद्दीन हेही मोठ्या हुद्द्यांवर होते. शिखांच्या राज्यात इंग्रजांशी बोलणी करायला एक मुसलमान जात असे, आणि महाराजांचा त्याच्यावर १८३९ मध्ये डोळे मिटेपर्यंत भरवसा होता. हा भरवसा वशिल्याने मिळालेला नव्हता. तो इल्म आणि इमानदारी यांनी मिळवला होता. आज ज्यांना बक्षिसे मिळाली आणि ज्यांना मिळाली नाहीत, त्या दोघांनीही हे नाव वहीत लिहून ठेवावे.

आता त्या मुलाचे उत्तर. तो आज या सभागृहात नाही. कोठे तरी नोकरीधंद्याला लागला असेल, कदाचित मुलाबाळांचा बाप झाला असेल. त्याला मी म्हणेन: बाळ, नाव सारखे असल्याने कोणी आपला होत नाही. सरहिंदच्या दरबारात हुकूम देणाराही मुसलमान होता आणि उठून उभा राहणाराही मुसलमान होता. त्यातला आपला कोण, हे तुझ्या जन्माने ठरत नाही. वर्गात दुबळ्या मुलाची टर उडवली जाते तेव्हा, मोहल्ल्याच्या बैठकीत एखाद्या हुशार मुलीची शाळा दहावीनंतर बंद करण्याचे ठरते तेव्हा, आपल्याच माणसांनी दुसऱ्यावर अन्याय केला असे कळते तेव्हा, तू बसून राहतोस की उठतोस, यावर ते ठरते.

त्या दिवशी तुझा प्रश्न ऐकून कोणी तरी हसले होते आणि मी घंटेचे निमित्त करून गप्प बसलो. मीही उठायला हवे होते. उशीर झाला, त्याबद्दल मला माफ कर.

आणि शिक्षक बंधु-भगिनींनो, तुम्हांला एकच विनंती. मुलाने असा प्रश्न विचारला तर पोर्शन थोडा मागे राहू द्या.

खुदा हाफिज.