नोंदवहीतलं नाव

(भाईंदर इथल्या युवकांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आज ज्यांच्याविषयी बोलणार आहे त्यांचं नाव काढलं की माणसं थुंकतात. बलात्कार, लहान पोरांवरचे अत्याचार अशा गुन्ह्यांत शिक्षा झालेली माणसं. २० सप्टेंबर २०१८ ला केंद्र सरकारने त्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. तेव्हाच तिच्यात ४ लाख ४० हजारांच्या आसपास नोंदी होत्या. ती फक्त पोलिस आणि तपास यंत्रणांना बघता येते. पण एखादा भयंकर गुन्हा झाला की आरोळी उठते, यादी चौकात लावा, मोबाईलवर टाका. आपली पोरंही त्यात ओरडतात. ओरडा, पण आधी यादी म्हणजे काय ते ऐका. आपल्याइतकं ते कोणाला ठाऊक असणार?

याद्या दोन तऱ्हेच्या असतात. आम्हा गोदीवाल्यांना एक चांगली यादी माहीत आहे. पूर्वी माणूस सकाळी फाटकावर उभा राहायचा आणि मुकादमाच्या बोटावर त्याची चूल पेटायची. १९४८ च्या गोदी कामगार कायद्याने नोंदणीची वाट काढली. वहीत नाव आलं, पाळी आली, भाकर आली.

दुसरी यादी ठाण्यातली. १८७१ ला इंग्रजाने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. पारधी, कैकाडी, कंजारभाट, भामटा. पोर जन्मलं की संशयित. बोटांचे ठसे द्या, हजेरी द्या, गाव सोडायचं तर पास घ्या. आजही आपण 'भामटा' ही शिवी म्हणून तोंडातून काढतो. अरे, ती जात आहे. कागदावरची यादी आपल्या जिभेवर उतरली आणि आपल्याला कळलंही नाही.

३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला. ८१ वर्षं लागली. तेवढ्यावर थांबलं नाही. १९५९ ला मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला. आता म्हणे जमात नाही, माणूस बघू. वही नवी, हवालदार जुनाच.

कोणी म्हणेल, त्या जमाती निर्दोष होत्या, हे तर कोर्टात दोषी ठरलेत. बरोबर आहे. फरक मोठा आहे, तो मी पुसत नाही. बलात्कारी माणसाची बाजू घ्यायला मी उभा नाही. माझे प्रश्न दोनच.

पहिला, वहीत नाव जातं कोणाचं? २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली. आईची आणि पोरीची काय विटंबना झाली ते सगळा महाराष्ट्र जाणतो. खटल्यात बलात्काराचा आरोपच ठेवला नाही. ॲट्रॉसिटीचा कायदाही कोर्टाने लागू केला नाही. म्हणजे ही वही कितीही जाड झाली तरी त्या गुन्ह्याचं पान तिच्यात उघडणार नाही. पोलिस जे कलम लावतात तेवढंच वहीला दिसतं. मग पानं भरतात ती वकील न परवडणाऱ्यांची.

दुसरा, वही बाईला वाचवते का? सरकारचेच आकडे दरवर्षी सांगतात, बलात्काराच्या ९० टक्क्यांहून जास्त गुन्ह्यांत आरोपी ओळखीतला असतो. नातेवाईक, शेजारी, मालक. चौकातली यादी अनोळखी माणसाकडे बोट दाखवते आणि घरातला सुटतो.

अमेरिकेने याद्या चौकात लावून बघितल्या. फ्लोरिडात मायामी-डेड काउंटीत शाळेपासून २५०० फुटांच्या आत राहायचं नाही असा नियम केला. शिक्षा भोगून आलेली माणसं २०१० पर्यंत पुलाखाली राहिली. मिरा रोडला पोलिस पडताळणी केल्याशिवाय खोली मिळत नाही. उद्या असं काही इकडे आलं तर पूल कुठला हे तुम्हीच ठरवा. पॅटी वेटरलिंग या आईचं अकरा वर्षांचं पोर १९८९ ला पळवलं गेलं. तिने झगडून १९९४ ला नोंदणीचा कायदा करून घेतला. पुढे त्याच बाई सांगू लागल्या की या याद्या फार फोफावल्या, फेरविचार करा. पोर गमावलेली आई हे बोलते, तर आपण निदान ऐकावं.

तुम्ही विचाराल, कायदा बदलेल ही आशा कशाच्या जोरावर? साहेबांच्या दयेवर नाही. तारखांच्या जोरावर.

१९७२ ला देसाईगंजच्या ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ ला पोलिसांना सोडलं. १९७९ ला चार प्राध्यापकांनी न्यायालयाला उघडं पत्र लिहिलं, बाया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ ला बलात्काराचा कायदा बदलला. मे २०२४ ला अमानतुल्ला खान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, दलित-आदिवासी-मागासांची नावं हिस्ट्रीशीटमध्ये यांत्रिकपणे चढवू नका. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुकन्या शांता या पत्रकार बाईंच्या याचिकेवर तुरुंगाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला लावला. सराईत हा शिक्का विमुक्तांवर मारायला वापरला गेला, हेही न्यायालयाने मान्य केलं. १८७१ पासून मोजा. दीडशेवर वर्षं. पण पान फाटलं. फाडलं कोणीतरी म्हणून फाटलं.

तेव्हा आपली मागणी सरळ ठेवा. शिक्षा झाल्याशिवाय नोंद नको. अपिलात सुटला तर नाव त्याच दिवशी बाहेर. आपल्या नावापुढे काय लिहिलंय ते माणसाला वाचता यावं, त्याविरुद्ध कोर्टात जाता यावं. नोंदीला मुदत हवी. यादी चौकात नको. आणि याच अर्जावर हेही लिहा, बाईची फिर्याद त्याच दिवशी लिहून घ्या, ॲट्रॉसिटीचं कलम लावा, खटला लवकर चालवा. यातली एक मागणी सोडून दुसरी करणारा मला आपला वाटत नाही. ज्या वस्तीतली बाई न्यायाविना परत येते, त्याच वस्तीतला पोरगा संशयावर उचलला जातो. दोघांचं घर एकच आहे.

हे पुढच्या वर्षी होईल असं मी सांगत नाही. कदाचित आपले केस पिकतील. पण अर्ज आज लिहावा लागेल. ज्याचं अक्षर बरं आहे त्याने बैठकीनंतर थांबावं.

जय भीम.