मुलांच्या मनाची औषधे : बदल विचारूनच



आम्ही बँकेच्या काउंटरवर बसणारी माणसे, डॉक्टर नव्हे. परंतु ज्या गोष्टीची घरात कुजबुज होते आणि चारचौघांत कोणी बोलत नाही, ती आज येथे बोललीच पाहिजे असे आम्हांस वाटते. ती गोष्ट म्हणजे मुलांच्या मानसिक आजारावरील गोळ्या.

मूल अतिचंचल असते, उदास असते, किंवा एकाएकी आक्रमक होते. आपल्या डहाणू-तलासरी भागात अनेकदा आधी भगताकडे आणि मग दवाखान्यात नेले जाते. गोळ्या सुरू होतात. मूल जरा शांत झाले की घरचे म्हणतात, "बरा झाला, आता कशाला गोळ्या?" मूल सारखे झोपू लागले की शेजारी म्हणतात, "सवय लागेल, बंद करा." बंधूंनो, या दोन्ही वाक्यांनी मुलांचे नुकसान होते.

मुलांच्या औषधाची मात्रा थोडीपासून सुरू करून हळूहळू वाढवतात. मूल वाढते, वजन बदलते, तशी मात्राही पुन्हा तपासावी लागते. मिथाइलफेनिडेटचा परिणाम काही तासांतच दिसतो. मात्र भूक कमी होते, म्हणून उंची-वजन पाहावे लागते. रिस्पेरिडोनने उलट भूक आणि वजन वाढते, सुस्ती येते. फ्लुओक्सेटिनचा पुरता गुण यायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. आठ दिवसांत गुण नाही म्हणून ते सोडू नये. अशा औषधांच्या सुरुवातीच्या दिवसांत मुलाच्या मनात आत्महत्येचे विचार येतात का, याकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2004 साली तसा ठळक इशारा दिला आहे. क्लोनिडीन एकदम बंद केल्यास रक्तदाब झपाट्याने वाढू शकतो. फिट येणाऱ्या मुलाचे व्हॅल्प्रोएट एकदम बंद केल्यास पुन्हा फिट येऊ शकतात.

म्हणून डॉक्टर शक्यतो एका वेळी एकच बदल करतात. दोन गोळ्या एकदम बदलल्या आणि मूल दिवसभर झोपले, तर दोष कोणत्या गोळीचा, हे कसे कळणार?

आपल्या भागाची अडचण वेगळी आहे. दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे वीटभट्टीवर जातात, गोळ्या तिथे संपतात आणि औषध आपोआप बंद पडते. निघण्यापूर्वी पुढची औषधे आणि चिठ्ठीची झेरॉक्स घेतलीच पाहिजे. मूल आश्रमशाळेत असेल तर अधीक्षकांना गोळीची वेळ लिहून द्यावी.

खात्याची जशी पासबुक असते, तशी मुलाची एक वही ठेवा. तारीख, गोळीचे नाव, किती मात्रा, झोप, भूक, वजन, शाळेतले वागणे. दोन ओळी पुरेत. डॉक्टरांना पाच मिनिटांत जे सांगता येत नाही, ते वही सांगते.

कायदाही आपल्या बाजूने आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार काय आणि त्यांचे दुष्परिणाम काय, हे जाणून घेण्याचा हक्क दिला आहे. तो वापरावा. ऑक्टोबर 2022 पासून टेलि-मानस ही सरकारी सेवा सुरू आहे. 14416 या क्रमांकावर रात्री-बेरात्री मराठीतून विनामूल्य सल्ला मिळतो. मूल बेशुद्ध झाले, फिट थांबेना, किंवा जिवाचे काही करून घेण्याची भाषा बोलू लागले, तर मात्र फोनवर न थांबता जवळचे रुग्णालय गाठावे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्याकडे आमचे एकच मागणे आहे. वस्तीतील ज्या आईला लिहिता-वाचता येत नाही, तिच्या मुलाची वही तुम्ही लिहा. चिठ्ठीवरच्या गोळ्यांची नावे तिला वाचून दाखवा. आणि कोणी त्या मुलाला वेडा म्हणाले, तर तिथेच अडवा. शरीराला ताप येतो, तसे मनालाही दुखते. लाजेपोटी गोळी लपवावी लागणार नाही, एवढे तरी आपण सर्व मिळून करू या.