सोबत येणारी माणसं

दहावी-बारावीचे निकाल लागले की पेपरात फोटो झळकतात. आई पेढा भरवतेय, शेजारी बाबा, मागे शाळेचे शिक्षक. पण वर्षभर रोज संध्याकाळी तासभर बसून ज्यानं त्या पोराचं गणित पक्कं करून घेतलेलं असतं, तो माणूस बहुतेक वेळा त्या फोटोत नसतो. तो ना नात्यातला, ना शाळेतला, ना क्लासमधला. अशा बिनपगारी मार्गदर्शकांबद्दल आज चार शब्द बोलायचे आहेत.

आपल्याकडे याचं फार मोठं उदाहरण आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची मुंबई. भीमराव आंबेडकर नावाचा एल्फिन्स्टन हायस्कूलचा विद्यार्थी शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचा. परळच्या चाळीत एका खोलीत सगळं बिऱ्हाड, तिथं वाचायला निवांत जागा कुठली? त्याच बागेत कृष्णराव अर्जुन केळुसकर यायचे. ते शिक्षक होते, पण विल्सन हायस्कूलचे. म्हणजे हा मुलगा त्यांच्या वर्गातला नव्हता, की त्याची कुठली जबाबदारी त्यांच्यावर नव्हती. तरी त्यांनी आपणहून चौकशी केली, त्याला पुस्तकं द्यायला सुरुवात केली. पुढं एका सत्कारात त्यांनी स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र त्याला भेट दिलं. त्या पुस्तकाच्या आधारानं आपण बुद्धाकडे वळलो, हे बाबासाहेबांनीच लिहून ठेवलं आहे.

पण पुस्तक देऊन केळुसकर गुरुजी थांबले नाहीत. भीमराव इंटर झाले आणि घरची ओढाताण वाढली. पुढचं शिक्षण थांबतं की काय, अशी वेळ आली. होतकरू अस्पृश्य विद्यार्थ्यांना मदत करू, असं बडोद्याचे सयाजीराव महाराज मुंबईतल्या सभेत बोलले होते. ते शब्द पुष्कळांनी ऐकले असतील. गुरुजी मात्र भीमरावांना घेऊन थेट महाराजांकडे गेले. महाराजांनी प्रश्न विचारले, भीमरावांनी उत्तरं दिली, आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. भीमराव बी. ए. झाले. १९१३ साली बडोदा संस्थानच्याच शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

बुद्धी भीमरावांची होती, पैसा महाराजांचा होता. या दोन्हींमधलं अंतर गुरुजींनी चालून पार करून दिलं. मार्गदर्शकाचं काम म्हणजे हेच.

आज हे अंतर मिटलंय का? योजना आहेत, शिष्यवृत्त्या आहेत, वसतिगृहं आहेत. पण घरात पहिल्यांदाच कुणी कॉलेजला जाणार असेल, तर कुठला अर्ज कधी आणि कुठं भरायचा, हे सांगायला घरात कोण असतं? आमच्या भागातल्या समाजमंदिरात एक निवृत्त बँक कर्मचारी दर शनिवारी संध्याकाळी टेबल टाकून बसतात. स्टेपलर, पंचिंग मशीन आणि मुलांच्या नावाच्या फायली, एवढाच त्यांचा संसार. उत्पन्नाचा दाखला मुदतीतला आहे ना, खात्याला आधार जोडलंय ना, सगळ्या कागदांवर नाव एकसारखं आहे ना, हे ते एकेका मुलाचं तपासतात. एका मुलीच्या मार्कशीटवर वडिलांच्या नावापुढं ‘राव’ होतं, दाखल्यात नव्हतं. तेवढ्यावरून अर्ज परत आला. वडील रोजंदारीवर, कचेरीत एक हेलपाटा म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली. मग हे काका तिच्याबरोबर गेले. खिडकीपाशी मुलगीच बोलली, काका मागं बाकावर बसून राहिले. ती अडखळली तेव्हाही उठले नाहीत. प्रतिज्ञापत्र झालं, दाखला दुरुस्त झाला. आता ती डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि शनिवारी त्याच टेबलाशी बसून नव्या मुलांचे ऑनलाइन अर्ज तपासते.

मला त्या बाकाचं फार कौतुक वाटतं. आपण पुढं होऊन पोरांचं काम उरकून टाकणं सोपं असतं. सोबत जाऊन मागं बसायला संयम लागतो. स्वतःची राहिलेली स्वप्नं पोरांच्या डोक्यावर लादायची नाहीत, चित्रकलेत रमणाऱ्याला इंजिनीअरिंगला ढकलायचं नाही, यालाही तोच संयम लागतो. आणि लागतं सातत्य. आठवडाभर उत्साहानं येऊन नंतर दिसेनासा झालेला ताई-दादा पोरांना चांगलाच लक्षात राहतो. पुन्हा कुणावर विश्वास टाकायला ती कचरतात.

ही चांगुलपणाची सवय संस्थेच्या रूपात रुजवता येते, हेही आपल्याकडे घडलेलं आहे. डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली पुण्यात विद्यार्थी सहायक समिती सुरू केली. खेड्यापाड्यांतून आलेल्या गरजू मुलामुलींना राहण्या-जेवण्याचा आधार, जोडीला ‘कमवा आणि शिका’. तिथून शिकून बाहेर पडलेले कितीतरी जण पुढं समितीच्याच कामाला हातभार लावतात.

या माणसांचे आभार कसे मानायचे? शाल-श्रीफळ द्या, जरूर द्या. पण अभ्यासिकेला खोली हवी असते, पंखा हवा असतो, झेरॉक्सचे पैसे लागतात. सोसायटीचा रिकामा हॉल संध्याकाळी दोन तास उघडून दिलात, तर तोही सत्कारच होईल. तुमच्या आयुष्यात असं कुणी येऊन गेलं असेल, तर आजच त्यांना फोन करा आणि त्यांच्यामुळं नेमकं काय घडलं ते सांगा. बहुतेकांना त्याचा पत्ताच नसतो. आणि आठवड्यातले दोन तास मोकळे असतील, तर जवळच्या शाळेत जा, मुख्याध्यापकांना भेटा. तुम्हाला जे येतं, ते हवं असलेलं एक तरी मूल तिथं नक्की असेल.