घरची अंडी : काही दक्षता



यवतमाळ जिल्ह्यात झरी-जामणीपासून पुसदपर्यंत अनेक घरांच्या अंगणात गावठी कोंबड्या असतात. त्यांची अंडी पौष्टिक खरी. परंतु घरची म्हणून ती निर्धोक, हा समज बरोबर नाही. निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या विष्ठेतूनही साल्मोनेला जंतू कवचावर येतात, क्वचित अंड्याच्या आतही असतात. जुलाब, उलट्या व ताप हा त्यांचा परिणाम. बालके, वृद्ध व गर्भवती स्त्रिया यांना तो अधिक बाधतो.

खुराड्यात कोरडी तणीस असावी व अंडी रोज गोळा करावीत. येथील उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. फलित अंडी तेव्हा लवकर बिघडतात. ती थंड जागी ठेवावीत. साठवणीपूर्वी धुऊ नयेत. त्याने कवचावरील नैसर्गिक आवरण जाते. तडकलेले अंडे टाकून द्यावे. पाण्यात बुडणारे अंडे ताजे असते. परंतु ते जंतुरहित असतेच असे नाही. म्हणून पांढरे व पिवळे दोन्ही घट्ट होईपर्यंत शिजवावे आणि अंडी हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

२००६ मध्ये नवापूर येथे आणि २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे बर्ड फ्लू आढळला होता. कोंबड्या एकाएकी दगावू लागल्यास त्यांना हात न लावता, त्यांची अंडी न खाता पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे. शिक्षक व पंचायत सदस्यांनी ही माहिती घरोघरी पोहोचवावी.