नव्याने उमेदवारी

आज विद्यावाचस्पती झालेल्या स्नातकहो,

तुमच्यापैकी काही जण या सभागृहातून निघून प्रयोगशाळेकडे न वळता मुंबईच्या, लंडनच्या अथवा न्यूयॉर्कच्या एखाद्या वित्तसंस्थेत, ज्याला तेथे क्वांट म्हणतात त्या, बाजाराची गणिती प्रतिमाने रचण्याच्या पेशाच्या अगदी पहिल्या पायरीवरील हुद्द्यासाठी अर्ज करणार आहेत; आणि जे वडीलधारे या निर्णयास विद्येशी केलेली प्रतारणा समजतात, त्यांच्याविषयी पूर्ण आदर बाळगूनही त्यांचे मत मला मान्य करता येत नाही. १९०० साली पॅरिस येथे लुई बाशलिए याने प्वँकारे यांच्यासारख्या परीक्षकापुढे ठेवलेला प्रबंध रोखेबाजारातील भावांच्या चढउताराविषयीच होता, आणि त्याच धर्तीचे गणित वापरणारा ब्राउनीय गतीवरील आइन्स्टाइन यांचा निबंध प्रसिद्ध झाला तो त्यानंतर पाच वर्षांनी. पुढे १९७३ मध्ये ब्लॅक आणि शोल्स यांनी ऑप्शनच्या, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे खरेदी वा विक्री करण्याच्या हक्काच्या, किमतीचे जे समीकरण मांडले, ते चलबदल करताच उष्णतावहनाचे समीकरण होते, हे तुमच्यातील पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकास एका दुपारी पडताळून पाहता येईल. अमेरिकन काँग्रेसने १९९३ मध्ये टेक्सासमधील महाकाय कणत्वरकाचे काम अर्ध्यावर थांबविले, तेव्हा कित्येक तरुण संशोधक वॉल स्ट्रीटवर रुजू झाले, ते याच पूर्वपरिचयाच्या बळावर.

मात्र तेथे तुमची सनद फारशी कामास येत नाही. पाच-सहा वर्षे ज्या प्रबंधावर वेचली, त्याची चौकशी दोन वाक्यांत आटोपून मुलाखत घेणारा विचारतो, की फाशाचे सहाही अंक निदान एकदा तरी पडावेत यासाठी फासा सरासरी किती वेळा टाकावा लागेल. उत्तर १४.७ येते, परंतु ते कोणत्या गृहीतकांवरून आणि किती स्वच्छ मांडणीने काढले, यावर त्याचे लक्ष असते. संभाव्यता, रेषीय बीजगणित आणि समाश्रयण यांची पहिल्या वर्षाची पुस्तके पुन्हा उघडण्यात, किंवा आपल्याहून वयाने लहान सहकाऱ्याकडून सी प्लस प्लस शिकण्यात, कमीपणा मानू नका. अर्जाचा मजकूर एका पानाचा असावा, आणि त्यात प्रबंधाच्या शीर्षकाआधी तुम्ही कोणती आधारसामग्री कशी हाताळली, हे यावे.

जे खरोखर तुमच्यापाशी आहे आणि इतरांपाशी क्वचितच असते, ते म्हणजे स्वतःचाच निष्कर्ष खोडून काढण्याची संवय. जुन्या भावांवर तपासताना डोळे दिपविणारा नफा दाखविणारे प्रतिमान उद्याच्या बाजारात कोसळते, कारण निसर्गाचे नियम आपण ओळखले म्हणून बदलत नाहीत, बाजाराचे बदलतात. १९९७ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेले मर्टन आणि शोल्स ज्या निधीचे भागीदार होते, तो लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट पुढच्याच वर्षी कर्जाच्या ओझ्याखाली खचला आणि त्यास सावरण्यासाठी सावकार संस्थांना सुमारे ३६० कोटी डॉलर ओतावे लागले. तेथे बुद्धीची वाण होती, असे कोणी म्हणणार नाही.

म्हणून नेमणूक स्वीकारण्यापूर्वी समोरच्यास तुम्हीही एक प्रश्न विचारा: नवख्या उमेदवाराला वरिष्ठाच्या प्रतिमानात दोष आढळला, तर तो कोणापुढे मांडायचा आणि त्याची दप्तरी नोंद होते काय? याचे सरळ उत्तर न मिळाले, तर वेतन कितीही मोठे असो, दुसरीकडे अर्ज करा.